गुलाबी कागद संपला त्या दिवशी

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको. चौतीस वर्षं मी धंद्या-व्यापारातली भांडणं कोर्टात लढवते आहे. भागीदार फुटला, कोणी कोणाच्या मालाचं नाव चोरलं, करार करून कोणी माल दिला नाही, की लोक माझ्याकडे येतात. येताना सगळे एकच वाक्य घेऊन येतात, "मॅडम, आमची बाजू शंभर टक्के खरी आहे." मी म्हणते, अहो, समोरचाही आत्ता कुठल्या तरी वकिलाला हेच सांगत असेल. दोनशे टक्के खरं एका खोलीत मावणार कसं? निम्मे पक्षकार इथेच दुखावतात. दुखावू देत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण सगळेच शहाणे झाले तर मी खाणार काय?

मी स्वतः त्या पायऱ्यांखालीच वाढले. खरोखरच पायऱ्यांखाली. कोर्टाच्या दगडी जिन्याखाली कॅन्टीन होतं आणि ते माझी आई चालवायची. वडील मी चार वर्षांची असताना गेले, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथेच. बशा पुसायच्या, गृहपाठ करायचा आणि वकिलांचं बोलणं ऐकायचं. त्या कॅन्टीनची एक रीत होती. ज्यांचा खटला एकमेकांविरुद्ध, ते वेगवेगळ्या कडेला बसत, एक पक्ष खिडकीशी आणि दुसरा भिंतीशी. आई दोन्हीकडे चहा न्यायची आणि परत येऊन मला हळूच सांगायची, "आज खिडकीवाले हरणार."

"तुला गं काय ठाऊक?"

"ते नुसते बोलताहेत. भिंतीवाले मधेमधे गप्प बसून खिडकीकडे कान देताहेत."

दहातल्या आठ वेळा तिचं बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा, तिच्या मते, न्यायाधीश चुकायचे.

आत स्वयंपाकाच्या जागेत दोन लाकडी स्टुलं होती. मी शाळेतून भांडून आले, आणि मी रोजच भांडून यायचे, की आई पायानं दुसरं स्टूल पुढे ढकलायची. "आधी तिच्या स्टुलावर बस." म्हणजे जिच्याशी भांडण झालं ती मी व्हायचं आणि सगळी हकिगत तिच्या तोंडून सांगायची. लबाडी केली, तिला मुद्दाम वाईट बोलायला लावलं, की आई म्हणायची, "ती असं म्हणणार नाही. पुन्हा सांग." मी पाय आपटायचे, रडायचे. पण नीट सांगून होईपर्यंत चहा-पाव मिळत नसे, आणि भुकेपुढे माझा संताप फार वेळ टिकत नसे.

पुढे संध्याकाळच्या कॉलेजातून वकील झाले. जुना कोट दुसऱ्या कोणाच्या मापाचा होता, बाह्या बोटांवर यायच्या. पहिली स्वतंत्र केस मी दहा मिनिटांत हरले. समोरच्या वकिलानं एक साधा मुद्दा मांडला, जो माझ्या स्वप्नातही आला नव्हता. जिन्याखाली येऊन बसले. आईनं पायानं ते दुसरं स्टूल पुढे ढकललं.

त्या दिवसापासून माझा एक नेम आहे. कुठलीही केस उभी राहण्याआधी मी एक पान लिहिते. समोरच्याची वकील आहे असं समजून, त्याची बाजू, हातचं काही न राखता. माझ्या पक्षकाराला चीत करायचं तर कुठे घाव घालायचा, तेही त्यात असतं. माझा कारकून त्याला 'उलटा कागद' म्हणतो. या कारकुनाला अख्खं कोर्ट 'टाचणी' म्हणतं, कारण तो बारीक आहे आणि कागदाला चिकटलेला असतो. उलटा कागद नेहमी गुलाबी. पांढऱ्या कागदांत चुकून मिसळू नये म्हणून. आणि तो माझ्या खणाबाहेर कधीही जात नाही. समोरच्याच्या हाती पडला तर केस गेलीच म्हणून समजा, आणि केसबरोबर माझं नावही.

आता मूळ गोष्ट. बटणांचा एक कारखाना होता. वडिलांनी काढलेला. ते पोलादी साचे स्वतः हातानं कोरायचे, त्यात बटणं पडायची. पानं, फुलं, नागमोडी वेली, इतकी नाजूक की बटण लावायला नको, नुसतं बघत बसावं. त्यांना दोन मुलं. थोरला विक्रीसाठी गावोगाव फिरायचा, धाकटी वडिलांजवळ बसून साचे कोरायला शिकली. वडील वारले आणि तीन वर्षांत दोघांचं फाटलं. धाकटी बाहेर पडली, तिनं स्वतःचं लहानसं वर्कशॉप थाटलं, अकरा बायकांना कामाला घेतलं. जाताना दोनशे बारा साचे बरोबर घेऊन गेली.

थोरला माझ्याकडे आला. "साच्यांवर बाबांची खूण आहे. साचे बाबांचे, म्हणजे कारखान्याचे. ती म्हणते त्यातले बरेच तिनं कोरलेत. मेलेल्या माणसाचं काम स्वतःच्या नावावर खपवते, लाज नाही!" आणि मग म्हणाला, "तशी ती पहिल्यापासून लाडकी. शेवटची चार वर्षं बाबा माझ्याशी धड बोलतसुद्धा नव्हते. मी फिरतीवरून यावं, तर हे आपले खिशात हात घालून खुर्चीत. पाठीवरून हात फिरवणं सोडाच."

मी हे टिपून घेतलं आणि विसरले. असल्या गोष्टी कोर्टात चालत नाहीत ना.

सोमवारी मनाई हुकुमाची सुनावणी होती. हुकूम मिळाला असता तर धाकटीला साचे वापरायला बंदी, म्हणजे वर्कशॉपला कुलूप. आणि हुकूम मिळणार याची मला खात्री होती. धाकटीच्या प्रतिज्ञापत्रात, पान सहावर, एवढंच होतं की शेवटच्या चार वर्षांत वडिलांचा हात थरथरायचा, म्हणून रविवारी कारखाना बंद असताना ती साचे कोरायची आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्यांची खूण उमटवायची. पुरावा शून्य. तिचा वकील, ज्याला त्याच्या चोरपावलांमुळे सगळे मांजर म्हणतात, त्यालाही याहून जास्त काही सुचलं नव्हतं.

मला सुचलं होतं. कारण वाद ज्या वस्तूचा, ती बघितल्याशिवाय मी केस हातात घेत नाही. कारखान्यात गेले तेव्हा भिंतीवर वडिलांचा फोटो होता, कोरणी डाव्या हातात. माणूस डावखुरा! शेजारी बसलेल्या धाकटीची कोरणी मात्र उजव्या हातात. आणि थोरल्याच्या घरी दरवर्षीच्या बटणांचे नमुने पुठ्ठ्यांवर शिवून ठेवलेले होते. डावखुऱ्याची रेघ एका बाजूनं जाड सुरू होते आणि निमुळती होत जाते, उजव्या हाताची बरोब्बर उलट. उलट्या कागदावर मी लिहिलं: 'मी धाकटीची वकील असते तर कोर्टाला म्हटलं असतं, नमुन्याचे पुठ्ठे मागवा आणि पाकळ्यांच्या रेघा बघा. हात कोणाचा ते बटणच सांगेल.' खाली, सवयीनं, तिच्या तोंडचं एक वाक्य लिहिलं: 'मी बाबांचं नाव चोरलं नाही, चार वर्षं सांभाळलं.'

थोरल्याला हे सांगायला हवं होतं का? हवं होतं. मी ठरवलं, सोमवारनंतर सांगू. हुकूम तर मिळू दे.

आणि त्या गुरुवारी गुलाबी कागद संपला होता. टाचणी म्हणाला, "उद्या आणतो." मला कुठला धीर! पांढऱ्यावर लिहिला.

शनिवारी सकाळी थोरला माझ्या ऑफिसात आला. बसला नाही. एक पांढरा कागद माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर.

"वकीलपत्र माझं आणि वकिली तिची?"

त्याला सहीसाठी पाठवलेल्या पाकिटात उलटा कागद गेला होता. आणि माझा स्वभाव बघा, मी पहिल्यांदा टाचणीवर ओरडले. बावीस वर्षं इमानानं काम केलेल्या माणसावर, पक्षकारासमोर. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या पाकिटाला क्लिप तुम्ही लावली होती. मी पोस्टात गेलो होतो." चोर सोडून संन्याशाला सुळी!

"हा आमचा सराव असतो," मी थोरल्याला सांगू लागले. "समोरचा काय म्हणेल याचा आधीच अंदाज..."

"माझ्या बापाचा हात थरथरत होता असं लिहिलंय तुम्ही."

"मी नाही. तुमच्या बहिणीनं. पान सहा. तुम्हाला प्रत दिली होती."

"मी विचारलं होतं तुम्हाला, काय आहे त्यात? तुम्ही म्हणालात, नेहमीचंच आहे, वाचत बसू नका."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. त्यानं कागद उचलून घडी केली आणि खिशात घातला. "हा कुठे न्यायचा ते आता मी बघतो. आणि तुमची तक्रार कुठे करायची तेही." दार आपटलं नाही त्यानं, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी गेले. आई पंच्याऐंशीची आहे, खिडकीशी बसून मटार सोलत होती. मी चपला काढता काढताच सुरू झाले. एवढा कांगावा कशाला, म्हटलं, एका कागदानं आभाळ कोसळतं का, चौतीस वर्षांत एक चूक, आणि सोमवारी मीच याला जिंकून देणार होते, कृतघ्न मेला! आईनं सगळं ऐकून घेतलं. मग काठीनं कोपऱ्यातल्या स्टुलाकडे दाखवलं. कॅन्टीन सोडताना ती दोन्ही स्टुलं घरी घेऊन आली होती.

"आई, मी एकसष्ट वर्षांची आहे."

"मग गुडघे सांभाळून बस."

बसले. स्टुलावरची कुंडी खाली ठेवली आणि बसले. "मी थोरला," मी म्हटलं. "मी धंद्यासाठी वणवण फिरलो. बहीण घरी बसून लाडकी झाली. मी लांबून यायचो, आणि बाबा माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवायचे नाहीत. ते आपले खिशात हात..."

आणि मी स्टुलावरून अर्धी उठलेच.

"काय गं?" आई म्हणाली.

"आई, हात खिशात का होते त्यांचे?"

तिनं मटाराची शेंग खाली ठेवली. "जा बये," ती म्हणाली. "हे त्याला सांगून ये. बाकीचं राहू दे."

रविवारी सकाळी मी थोरल्याच्या दारात उभी राहिले. रात्रभर पाठ केलेलं भाषण त्याला बघताच विसरले. "चुकले मी," म्हटलं. "कागद गेला ती चूक नाही. तुमच्यापासून लपवलं ती चूक. सोमवार जिंकायचा होता मला."

त्यानं दार पूर्ण उघडलं. डोळे तांबारलेले. मग म्हणाला, "आत या. चष्मा आणलाय का?"

आत जमिनीवर सगळे पुठ्ठे मांडलेले होते, वर्षावार. हातात भिंग. कालपासून तो तेच करत होता. आम्ही दोघं, दोघांचेही गुडघे कुरकुरत असताना, सतरंजीवर बसलो आणि एकेक बटण बघत गेलो. एका वर्षापर्यंत सगळ्या रेघा एका बाजूच्या. नंतरच्या सगळ्या उलट्या. काम तितकंच सुबक, फक्त हात वेगळा.

"म्हणजे खरंच थरथरायचा," तो म्हणाला. "मग मला कसं कधी दिसलं नाही?"

"कारण तुम्ही आलात की ते हात खिशात घालायचे."

त्यानं भिंग खाली ठेवलं. आणि तो पन्नाशीचा, जाड मिशांचा, आवाजानं कारखाना हलवणारा माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मी त्याला पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघरात उगाचच वेळ काढला. मलाही नाक पुसायचं होतं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हा कागद मी तिला दाखवला तर?"

"तर केस गेली. वकील म्हणून माझा सल्ला आहे, दाखवू नका."

"आणि वकील म्हणून नाही तर?"

"तर मला विचारू नका. मी एकदा रडायला लागले की आवरत नाही."

सोमवारी दहा वाजता आम्ही जिन्याखाली होतो. कॅन्टीन आता दुसरं कोणी चालवतं, पण रीत तीच आहे. आम्ही भिंतीशी. धाकटी आणि मांजर खिडकीशी. धाकटीची बोटं चहाच्या कपाभोवती आवळलेली. अकरा जणींना काय सांगायचं या विचारात असणार. थोरला उठला. एका काखेत पुठ्ठा, हातात माझा कागद. दोन टेबलांमधलं अंतर दहा पावलांचं असेल. मी त्या खोलीत मोठी झाले, पण ती दहा पावलं चालून जाताना मी कोणत्याही पक्षकाराला पाहिलं नव्हतं. मी गप्प बसून तिकडे कान दिला.

धाकटीनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मांजराला दिला. त्यानं वाचला आणि माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. "मॅडम, पुठ्ठ्यांचं मला सुचलंच नाही हो!"

"उगाच मांजर म्हणत नाहीत तुम्हाला," मी भिंतीशी बसूनच म्हटलं. "दूध समोर आणि डोळे मिटलेले."

हसला बिचारा. आता हा माणूस उठून कोर्टात पाकळ्यांच्या रेघा दाखवेल आणि माझं नाव मातीत जाईल, याची मी वाट बघत होते. पण थोरल्याला त्याची पर्वाच नव्हती. त्यानं पुठ्ठा बहिणीपुढे ठेवला. "यातलं बाबांचं शेवटचं कुठलं?"

तिनं न शोधता बोट ठेवलं. साचा क्रमांक एकशे एक्केचाळीस, आठ पाकळ्यांचं फूल. "हे. पाच पाकळ्या त्यांच्या. पुढच्या तीन माझ्या. इथे त्यांनी कोरणी खाली ठेवली."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती त्यांनी." तिनं कप बाजूला सरकवला. "म्हणाले, थोरल्याला कळता कामा नये. तो सगळं सोडून माझ्याजवळ बसेल, आणि मग त्याला जग कधी बघायला मिळणार?"

थोरला खुर्चीत बसला. बराच वेळ त्याचं बोट त्या पाचव्या पाकळीवर होतं. "बसलो असतो," तो म्हणाला. "खरंच बसलो असतो गं."

अकरा वाजता आम्ही न्यायाधीशबाईंकडून दोन तासांची मुदत घेतली आणि कॅन्टीनच्या त्याच टेबलावर तडजोडीचा मसुदा लिहिला. मांजर, मी, टाचणी, आणि मधे ती दोघं, एका पुठ्ठ्यावर डोकी घालून. पहिले एकशे चाळीस साचे कारखान्याचे, शेवटचे एकाहत्तर धाकटीचे, आणि दोघांनी एकमेकांचे साचे हवे तेव्हा वापरायचे. टाचणीनं सगळं स्वच्छ अक्षरात उतरवलं. त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागितली, कारण ओरडलेही पक्षकारासमोरच होते. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, मी गुलाबी कागदाचे चार गठ्ठे आणून ठेवलेत."

दुपारी न्यायाधीशबाईंनी मसुदा वाचला. यादीवरून बोट फिरवत त्या मधेच थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वकीलबाई, एकशे एक्केचाळीस क्रमांकापुढे मालकाचं नाव नाही. हा साचा कोणाचा?"

मी उत्तर द्यायला उठले खरी. पण माझ्या मागे थोरला आणि धाकटी दोघंही एकदम उभे राहिले होते. चौतीस वर्षांत न्यायाधीशांनी प्रश्न विचारलेला असताना मी कधी खाली बसले नव्हते. त्या दिवशी बसले.

"आमचा," धाकटी म्हणाली, आणि थोरल्यानं मान हलवली.